माळ्यावरच्या बल्बचं बटण

आमच्या घरात झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवत नाहीत, बल्ब लावून उठवतात. शिडीच्या पायथ्याशी भिंतीवर एक जुनं काळं बटण आहे. ते खाली करायचं, वर करायचं, परत खाली करायचं. वर माळ्यावर बल्ब पेटतो, विझतो, पेटतो, आणि थोड्या वेळानं फळ्यांवर टाच आपटल्याचा आवाज येतो. म्हणजे आमचे हे उठले, चहा ठेवायला हरकत नाही. लग्न होऊन भिवंडीत कामतघरला आले तेव्हा मला या प्रकाराचं हसू यायचं. पडघ्याला माझ्या माहेरी सकाळी आई अशी ओरडायची की शेजारच्या घरातली पोरंसुद्धा उठून दात घासायला लागायची.

हे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. रात्रपाळी, वर्षानुवर्षं तीच, कारण दिवसाची पाळी मागावी लागते आणि मागायला यांचं तोंड उघडत नाही. सकाळी घरी येतात, केसांत आणि भुवयांवर कापूस बसलेला असतो, अंघोळ करतात, जेवतात आणि शिडी चढून वर जातात. आमची चाळीतली एकच खोली. पण छप्पर उंच, म्हणून सासऱ्यांनी त्यांच्या काळात मागच्या अर्ध्या भागावर फळ्या टाकून पोटमाळा करून घेतला. खाली स्वयंपाकाचा ओटा, वर झोपायची जागा. माळ्याला पुढून काळा पडदा, म्हणजे दिवसाउजेडी झोप लागावी. सासरेही लूमवरच होते. त्यांनाही सासूबाई त्याच बटणानं उठवायच्या. सासरे गेले, मुलगा त्यांच्या जागी वर झोपायला लागला, बटण तेच राहिलं. त्या बटणावर सासूबाईंचा हात माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासूनचा.

लूमवाल्याचे कान जातात हे भिवंडीत कुणी आजार म्हणून सांगत नाही. केस पिकतात तसे कान जातात. यांचे जरा लवकर गेले, पण किती गेले ते मला कळलं नव्हतं. माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायला नको. मी काहीतरी विचारायची, हे पाठमोरे पेपर वाचत बसलेले, उत्तर नाही. मग मी पेटायचे. "ऐकू येत नाही की ऐकायचं नाही?" असं म्हणत समोर जाऊन उभी राहिले की हे माझ्या तोंडाकडे बघून हसायचे आणि बरोबर उत्तर द्यायचे. त्यामुळे माझी खात्री होती की ऐकू सगळं येतं, माणूस सोंग करतो. सासूबाई आपल्या पोराची बाजू घ्यायच्या. "दमून येतो तो. तुझा रेडिओ दिवसभर चालूच हाय," असं म्हणायच्या. मग मी त्यांच्यावरही पेटायचे.

लग्नाच्या नव्या नवलाईत यांनी मला कारखान्यातल्या खुणा शिकवल्या होत्या. तिथं बोलून काही कळत नाही, सगळं हातांवर चालतं. बोट फिरवलं की धागा तुटला, मूठ वर केली की चहा. आणि दंडावर जोरात दोन थापा म्हणजे बंद कर, जे करतोयस ते आहे तिथं सोड, विचारत बसू नको. कुणाचा हात मशीनमध्ये जायला आला तर हीच खूण. मी तेव्हा पोट धरून हसले होते आणि जेवताना यांनी तिसरी भाकरी मागितली की मी त्यांच्या दंडावर दोन थापा मारायचे. पुढं संसार लागला आणि तो खेळ बंद पडला.

आमच्या गल्लीत पाइपाचा गॅस आला तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला. सिलेंडर संपायची धास्ती नाही, नंबर लावायला नको. पाइप बसवायला आलेल्या माणसानं भिंतीवरची चावी दाखवली, आडवी केली की बंद, सरळ केली की चालू. वरची जाळी बुजवू नका असंही तो म्हणाला. हा गॅस हलका असतो, वर जातो, त्याला वरून वाट पाहिजे. आम्ही दोघी मान हलवत उभ्या होतो. माणूस गेला आणि आम्ही आमच्या पद्धतीनं राहायला लागलो.

आता वरची जाळी म्हणजे माळ्याच्या मागच्या भिंतीत छपराखाली असलेला झरोका. त्याच्या पलीकडे बोळ आणि मग लूमचा कारखाना. दिवसरात्र बारीक कापूस उडतो आणि त्या जाळीतून आत येतो. पोराच्या नाकातोंडात कापूस जातो, सकाळचं ऊन डोळ्यावर येतं, म्हणून सासूबाईंनी एका जुन्या गोधडीचा तुकडा त्या जाळीत असा ठासून भरला होता की वाऱ्याची झुळूकसुद्धा येऊ नये. मी काही बोलले नाही. ओट्यावरचा कापूस रोज पुसून माझाही जीव मेटाकुटीला आला होता.

तो दिवस थंडीतला. मी हायवेकडच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम करते. त्या दिवशी माल आलाच नाही म्हणून आम्हाला दुपारीच घरी सोडलं. मी वैतागलेली होते, कारण अर्ध्या दिवसासाठी रिक्षाचे धक्के खात गेले आणि आले. गल्लीत शिरले तर गटार काढून ठेवलेलं. काळा गाळ घराघरापुढे ढिगानं पडलेला, तो उचलायला गाडी कधी येणार ते देवाला ठाऊक. सासूबाई समोरच्या भाभीच्या ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. ही भाभी उत्तर प्रदेशातली, तिचा नवराही लूमवरच. आमचं दार बंद होतं.

"दार का लावलं?" मी विचारलं.

"वास बघ ना किती येतो. तो झोपलाय वर," सासूबाई म्हणाल्या. "आत पण शिरलाय मेला गटाराचा वास. सकाळपासनं येतोय."

मी दार ढकललं आणि उंबऱ्यावर थांबले. भिवंडीत राहणाऱ्या माणसाच्या नाकाला वासांची कमी नाही. सुताला लावायची सायझिंगची खळ उकळते त्याचा वास, मशीनच्या तेलाचा, गटाराचा, सगळे मला पाठ आहेत. पण गटार बाहेर असेल तर बाहेर जास्त यायला पाहिजे आणि आत कमी. इथं उलट होतं. एक पाय मागं घेतला की गाळाचा वास, एक पाय आत टाकला की दुसराच, सडक्या अंड्यासारखा, नाकात टोचणारा. मी दोनदा आतबाहेर केलं. सासूबाई म्हणाल्या, "नाचतेस काय उंबऱ्यावर?"

"आई, हा गटाराचा वास नाही. गॅस आहे."

फोन हातात होता, तो मी बाहेरच वालाच्या टोपलीत टाकला. आत गेले. शेगडीची दोन्ही बटणं बंद होती. भिंतीवरची चावी मात्र सरळ, म्हणजे चालू. ती रात्री, दुपारी, कधीच कुणी बंद करत नव्हतं. सिलेंडर होता तेव्हा रोज न विसरता बंद करायचो. पाइपाचं काय, तो तर भिंतीतला, असं आमच्या मनानं कधी ठरवलं कुणास ठाऊक. मी चावी आडवी केली आणि पुढचं दार सताड उघडलं. भाभी उठून उभी राहिली होती.

"भाभी, क्या हुआ?" तिनं विचारलं. तीही मला भाभीच म्हणते.

"गॅस लीक है. तुम गल्ली के बाहर जाके गॅसवालों को फोन करो. यहाँ से मत करना. और मीटर का मेन गिराने बोलो किसी को."

आमच्या चाळीचे मीटर पार टोकाला, नळाजवळ, भिंतीवर आहेत. भाभी धावली. तोवर सासूबाई आत आल्या आणि त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला. मला लगेच कळलं त्या काय करतायत, कारण मीही तेच करणार होते. सिलेंडरच्या काळात एकदा रेग्युलेटर नीट बसला नव्हता. तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं की गॅस जमिनीवर बसतो, त्याला झाडून बाहेर काढायचा. आम्ही सगळ्यांनी तो झाडून काढला होता आणि काही झालं नव्हतं. तेव्हापासून आमच्या घरात ती गोष्ट पक्की. सासूबाई वाकून झाडूनं रिकामी जमीन दाराकडे झाडायला लागल्या. मी सूप घेतलं आणि वाकून वारा घालायला लागले. दोघी ओणव्या, एकमेकींच्या वाटेत येत, रिकाम्या फरशीवरून काहीतरी बाहेर ढकलत होतो.

मग मला जाणवलं की खाली वाकलेली असताना वास येतच नाही. जवळजवळ नाहीच. कंबर दुखली म्हणून सरळ झाले तर भसकन नाकात शिरला. परत वाकले, गेला. परत उभी राहिले, आला. मी पाटावर चढले. तिथं डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग मी वर बघितलं, काळ्या पडद्याकडे.

हलका असतो, वर जातो, असं तो माणूस म्हणाला होता. दार बंद, वरची जाळी गोधडीनं बुजवलेली, आणि सकाळपासनं चावी चालू. खोलीतला सगळा गॅस माझ्या नवऱ्याच्या अंथरुणापाशी जाऊन साठला होता आणि आम्ही दोघी फरशी झाडत होतो.

"अहो," मी ओरडले. "अहो, उठा. खाली या."

पडदा हलला नाही. मी परत ओरडले, घसा फाटेस्तोवर. काही नाही. मग मी यांचं नाव घेतलं. सासूबाईंसमोर, दार उघडं असताना, सगळी गल्ली ऐकत असताना, उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं नाव, नुसतं, पोराला मारावी तशी हाक. सासूबाईंच्या हातातला झाडू थांबला. समोरच्या खोल्यांमधून माणसं बाहेर आली. फक्त ज्याचं नाव घेतलं तो उठला नाही. मला वाटलं, मेला. हाच शब्द मनात आला, दुसरा कुठला नाही.

"थांब, उठवते त्याला," सासूबाई म्हणाल्या आणि शिडीकडे वळल्या.

त्यांचा हात बटणाकडे गेला. त्या विचार करत नव्हत्या. पोराला उठवायचं तर हात तिकडेच जाणार, दुसरीकडे कुठं जाणार. माझ्या हातात सूप होतं. मी ते टाकलं की तसंच मारलं, मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मी त्यांच्या मनगटावर सगळी ताकद लावून फटका मारला आणि त्यांचा हात शिडीच्या लाकडावर जाऊन आपटला. त्या कळवळून खाली बसल्या. माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत आम्ही भांडलो खूप, पण हात मी कधी उचलला नव्हता.

"लाईट लावायची नाही," मी म्हटलं. "ठिणगी पडली तर तो वरच्या वर जाईल. बाहेर जा तुम्ही."

त्या गेल्या नाहीत. शिडीचा खालचा दांडा चांगल्या हातानं धरून बसून राहिल्या. मी छाती भरून श्वास घेतला, पदर नाकाला लावला आणि चढले. कोपऱ्यात फ्रिज होता. तो मधूनच आपोआप गुरगुरून सुरू होतो, त्याच्यावर माझा काही इलाज नव्हता. भाभी मीटरपर्यंत पोचली असेल का, एवढंच डोक्यात होतं. त्या पाच-सात पायऱ्या मी कशा चढले ते माझं मला माहीत.

पडदा सारला. आत अंधार आणि कोंदट. हे कुशीवर झोपलेले, चादर डोक्यावरून. मी पाय धरून ओढला. अंग गरम होतं. पाय झटकला त्यांनी. मला रडू येत होतं, पण रडायला श्वास लागतो, म्हणून रडले नाही. परत ओढला आणि हे दचकून उठून बसले. समोर अंधारात कुणीतरी बाई, पडद्याच्या फटीतून येणारा उजेड तिच्या पाठीमागं, म्हणजे तोंड दिसत नाही.

मी म्हटलं, "गॅस सुटलाय, काही लावू नका, खाली चला." अगदी तोंडाजवळ जाऊन म्हटलं. माझा श्वास त्यांच्या गालाला लागला असेल. आणि हे म्हणाले, "काय? कोण गेलं? थांब, दिसत नाही," आणि उशाशी चाचपायला लागले. उशाशी मोबाईल असतो, त्याची बत्ती लावायला. माझं तोंड बघायला.

त्या क्षणी मला सगळं समजलं. हा माणूस मला ऐकतच नव्हता. इतकी वर्षं तो माझं तोंड वाचत होता. समोर जाऊन उभी राहिले की बरोबर उत्तर यायचं ते यासाठी. मी ज्याला सोंग म्हणायचे ते सोंग उलट्या बाजूचं होतं, ऐकू येत असल्याचं. आणि आता उजेड नसेल तर मी त्याला काहीही सांगू शकत नव्हते, आणि उजेड करायला गेला असता तर आम्ही दोघं संपलो असतो.

मी त्यांचा दंड पकडला आणि जोरात दोन थापा मारल्या.

ते जागच्या जागी थांबले. मोबाईलवर गेलेला हात तसाच राहिला. काय झालं, का, काही विचारलं नाही. दोन थापांनंतर विचारत नाहीत. मी त्यांची बोटं मोबाईलवरून सोडवली, मनगट धरलं आणि पडद्याकडे ओढलं. ते लहान मुलासारखे माझ्यामागं सरकत आले. शिडीवर त्यांचा पाय थरथरत होता, डोकं जड झालं होतं म्हणाले नंतर. खालून सासूबाईंनी त्यांची टाच धरून एकेका पायरीवर ठेवली.

बाहेर आल्यावर यांना उजेडात माझं तोंड दिसलं आणि मी परत एकदा सांगितलं. यांनी नाकानं श्वास घेतला, वर छपराकडे बघितलं आणि आत जायला निघाले. म्हणाले, जाळीतली गोधडी काढायला पाहिजे. मी बनियन धरून मागं खेचलं. आता जर आत पाऊल टाकलं तर मीच जीव घेईन, असं म्हटलं, आणि तेही त्यांनी नीट वाचलं. तोवर भाभीच्या नवऱ्यानं मेन पाडला होता आणि गोधडी बाहेरून ढकलायला तो मागच्या बोळात बांबू घेऊन गेला होता. पण कुठली जाळी ते त्याला समजेना. सासूबाई गेल्या. बोळात तेलकट चिखल, अनवाणी त्यातून गेल्या, त्याच्या हातातून बांबू घेतला आणि बाहेरून जाळीत खुपसला. एक हात सुजत चाललेला. गोधडीचा तुकडा आत जाईना, बाहेर येईना, इतका घट्ट बसवला होता त्यांनीच. त्या खुपसत राहिल्या. कुणी मदतीला हात लावला की कोपरानं ढकलायच्या. शेवटी तुकडा आत माळ्यावर पडला तेव्हा त्यांनी बांबू सोडला.

गॅसवाले आले तोवर चाळीतली सगळी माणसं गल्लीच्या तोंडाशी उभी होती. त्यांनी आत जाऊन मशीन लावून तपासलं, वास गेल्यावर आम्हाला बोलावलं. शेगडीमागचा रबरी पाइप उंदरानं कुरतडला होता. भोक एवढंसं, करंगळीचं नखही जाणार नाही. त्यांनी तो काढून दुसरा, तारेच्या जाळीचा बसवला आणि चावी रोज बंद करा, जाळी उघडी ठेवा, म्हणून बजावलं. हे त्यांच्या तोंडाकडे बघत मान डोलवत होते. कुणाला काही शंका आली नाही. मी बघत होते, हे किती छान जमतं यांना.

संध्याकाळी बायका सासूबाईंच्या हाताचं विचारायला लागल्या. मनगट चांगलंच सुजलं होतं. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते, माझं लाटणं थांबलं. सासूबाई म्हणाल्या, "मोरीत पाय सरकला." बायका हळद लावा म्हणाल्या आणि गेल्या. मी तेल-हळद गरम केली, त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हात पुढे केला, मी लावली.

भाभीनं यांना चिडवलं की, भाईसाब, आज तो भाभी ने आपका नाम लिया, पूरी गली ने सुना. यांनी मला विचारलं, "खरंच घेतलंस?" मी हो म्हटलं. "परत घे ना," म्हणाले. कामावर जायची तयारी करत होते, डबा हातात. त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मी नाव घेतलं. त्यांना ते दिसलं, आणि ते खूश झाले. मला मात्र इतकं वाईट वाटलं की मी मोरीत जाऊन भांडी आपटत बसले. पूर्ण गल्लीनं ऐकलं होतं, आणि यांना मी पुढं जन्मभर जरी ते नाव ओरडले तरी दिसण्यापलीकडे काही मिळणार नव्हतं.

डॉक्टरकडे चला म्हटलं, कानाला यंत्र लावतात. नाही म्हणाले. यंत्र लावून लूमवर उभं राहवत नाही, डोक्यात घण बसतात, आणि कानाला यंत्र लावलेला माणूस मालकाला नको असतो. मी भांडले. आता समोर उभी राहूनच भांडते. पाठीमागून काही बोलायचं मी सोडून दिलं आहे.

त्या बल्बची वायर यांनी दुसऱ्याच दिवशी कापून टाकली. बटण भिंतीवर तसंच आहे, नुसतं. आणि उठवायला सासूबाईंनी दोरी वळली. कारखान्यातलं वाया गेलेलं सूत हे घरी आणतात भांडी घासायला, त्यातलं घेऊन मांडीवर वळून वळून लांब, पक्की दोरी केली. एक टोक यांच्या पायाच्या घोट्याला, दुसरं पडद्याखालून शिडीपाशी लोंबतं. ओढलं की उठतात. पहिले काही दिवस शिव्या घालत उठले, आता सवय झाली.

परवा मी गोडाऊनवरून लवकर आले. दार उघडं होतं, हल्ली असतंच. सासूबाई शिडीच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या, दोरी मुठीत. वर हे झोपलेले, नुकतेच झोपले असणार. माझं डोकं फिरलं.

"आई, ओढू नका. आत्ता झोपलेत ते."

"ओढत न्हाय."

"मग धरून कशाला बसलात?"

त्यांनी भिंतीकडे बघितलं. "हात मोकळा ऱ्हायला का बटणाकडं जातो गं."

"जाऊ दे. वायर कापली आहे आता. काही होत नाही त्यानं."

"तुला न्हाय कळायचं," त्या म्हणाल्या. "हात गेला का तो मला वर जळालेला दिसतो." मनगट चोळत होत्या, तेच मनगट. थंडी पडली की अजून दुखतं त्यांना. मी विचारलं, फार दुखतं का. "दुखतं ते बरं हाय," म्हणाल्या. "तू मारलंस म्हणून तो हाय."

मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. दोरीचं उरलेलं टोक फरशीवर पडलं होतं, ते उचलून मी हातात धरलं. चहाची वेळ व्हायला अजून बराच अवकाश होता.